एक सातवी, दोन गावं

"अमकी शाळा चांगली आहे का हो?" असं मला कुणी विचारलं की मी उलट विचारायची, "कधी?" लोकांना वाटे, बाई फटकळ आहेत. फटकळ मी आहेच. पण माझा प्रश्न खरा असे, आणि तो मला शिकवायला दोन गावं आणि एक इयत्ता लागली.

मी प्राथमिक शाळांची तपासनीस होते. कागदावर माझा हुद्दा लांबलचक होता. गावोगाव त्यातल्या 'डेप्युटी'चं 'दिपोटी' झालेलं, आणि मी बाईमाणूस म्हणून 'दिपोटीण'. पालघरपासून बोईसर-तारापूरकडचा पट्टा माझ्याकडे होता. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगर, मधून रेल्वेचे रूळ. दातिवऱ्याकडे निघाले की वाळूत चपला हातात घ्यायच्या आणि बेटेगावाकडे निघाले की धुळीसाठी पदर नाकाला लावायचा, एवढंच काय ते प्रवासाचं शास्त्र. साठ सालानंतरचे ते दिवस. तारापूरला विजेच्या कारखान्याचं काम सुरू झालं होतं, देशावरची माणसं बिऱ्हाडं घेऊन सरावलीकडे खोल्या शोधत हिंडत होती, आणि ज्या गावात कधी सायकल दिसत नसे तिथे ट्रक दिसू लागले होते.

तपासणी म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. वर्षातून एकदा शाळेत जायचं, पट आणि हजेरी बघायची, शुद्धलेखन घालायचं, पाढे म्हणवून घ्यायचे, कवायत बघायची, छप्पर गळतं का ते वर बघून ठरवायचं आणि शेरा लिहायचा. गावाला तपासणी म्हणजे घरचं लग्न. भिंतीला चुना, पोरांच्या डोक्याला तेल. पट कमी पडला तर शेजारच्या गावातून पोरं उसनी आणायची. एका शाळेत पिवळ्या परकरातल्या एका मुलीने मला कविता म्हणून दाखवली. त्याच आठवड्यात दुसऱ्या गावच्या शाळेत तोच परकर, तीच कविता. मी काही बोलण्याआधी तीच म्हणाली, "बाई, आज दुसरी म्हनू?" तिचं पाठांतर उत्तम होतं, आणि मी तोंड फिरवून हसले. असल्या गोष्टींमुळे वरच्या लोकांना वाटे की खेड्यातली हजेरी म्हणजे सगळा बनाव. पुढे जे झालं त्यात हा संशय आधीपासून जीपमध्ये बसलेला होता.

त्या काळी बहुतेक गावांत शाळा चौथीपर्यंत. थोड्या ठिकाणी पाचवी, सहावी. सातवी फारच थोड्या जागी. आणि सातवीच्या शेवटी परीक्षा असे, तिला सगळे 'फायनल' म्हणत. फायनल झालेला माणूस मास्तर होई, तलाठी होई, पोलिसात जाई. कारखान्याचं काम निघाल्यापासून तर कुठे साध्या शिपायाची जागा निघाली तरी पहिला प्रश्न हाच, सातवी झाली का? म्हणजे गावात सातवी असणं आणि नसणं यात पोरांच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा फरक होता.

त्या वर्षी माझ्या पट्ट्यात सातवीचा एकच नवा वर्ग मिळणार होता. सहावीपर्यंत पोचलेल्या शाळा दोन. एक समुद्रकाठच्या कोळीवाड्यातली, तिला मी बंदरावरची शाळा म्हणते. दुसरी डोंगराकडची, तिला टेकडीवरची. गावांची नावं मी घेणार नाही, दोन्हीकडे माझ्या ओळखी अजून आहेत आणि त्या मला ठेवायच्या आहेत. बंदरावर राऊत गुरुजी होते, पन्नाशीचे, केळव्याकडचे, हळू बोलणारे. टेकडीवर मोहिते गुरुजी, साताऱ्याकडून आलेले, नवे, तडफदार. दोघांनाही सातवी हवी होती आणि दोघेही मला भेटले की दुसऱ्या शाळेबद्दल चौकशी करत नसत. यावरूनच काय ते समजावं.

निर्णय ठाण्याचे साहेब करणार होते. साहेब पुण्याचे, चोख. चहासुद्धा शाळेतला घेत नसत. मनाने सरळ होते, आणि सरळ माणसाची मला जास्त भीती वाटते, कारण त्याला पटवणं कठीण. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी ते न कळवता पालघरला उतरले आणि म्हणाले, "बाई, चला. दोन्ही शाळा आजच बघू. एकाच दिवशी बघितल्या म्हणजे तुलना न्यायाची होते."

मी मनात तिथी मोजली. कोजागिरी म्हणजे पुनव. पुनवेच्या आणि अवसेच्या आसपास समुद्राच्या पाण्याला ओढ असते, त्याला उधाण म्हणतात. तेव्हा जाळ्यांत बोंबील भरभरून येतो. अष्टमीच्या आसपास पाणी मंद होतं, तो भांग. भांगात होड्या किनाऱ्याला असतात. उधाणाच्या दिवशी बंदरावरच्या गावात हात रिकामा असलेलं माणूस सापडत नाही, आणि पोर तर नाहीच. बोंबील निवडायचे, जोड्या करून बांबूवर वाळत टाकायचे, कावळे हाकायचे. राऊत गुरुजींनी त्यावर उपाय काढला होता. उधाणात जेवढी येतील तेवढी पोरं घेऊन शाळा चालवायची आणि भांगात रविवारीसुद्धा वर्ग घ्यायचे. नियमात हे बसत नव्हतं, पण मी शेऱ्यात त्याबद्दल कधी वावगं लिहिलं नाही.

हे सगळं मी साहेबांना जीपमध्ये सांगायला सुरुवात केली. ते म्हणाले, "आधी बघू, मग ऐकू."

आम्ही बंदरावरच्या शाळेत शिरलो तेव्हा सहावीचा वर्ग निम्मा होता. गुरुजी फळा पुसत होते. साहेब खुर्चीत बसले, हजेरीपट ओढून घेतला आणि म्हणाले, "हजेरी मी घेतो." मान खाली घालून त्यांनी नावं वाचायला सुरुवात केली. नुसतं नाव घेतलं की गुरुजींची पोरं 'हजर' म्हणायला शिकलेली होती. पण साहेबांनी आपल्या सवयीने प्रत्येक नावापुढे विचारलं, "हिरा आहे का?"

"हाय," हिरा म्हणाली. ती पुढेच बसली होती, दोन घट्ट वेण्या घातलेली.

"सुमन आहे का?"

"हाय," हिरा आणि आणखी दोन-तीन पोरं म्हणाली.

"पांडुरंग आहे का?"

"हाय."

साहेब खुणा करत गेले. मी दारात उभी होते आणि मला दिसत होतं की 'हाय' जास्त आहेत आणि डोकी कमी. राऊत गुरुजींच्याही लक्षात आलं. त्यांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. शेवटचं नाव झालं, साहेबांनी मान वर केली आणि वर्गावरून नजर फिरवली. मग पुन्हा एकदा फिरवली.

"ही सगळी मुलं कुठे आहेत, गुरुजी?"

हळू बोलणारा माणूस घाबरला की मुकाच होतो. साहेबांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "माझ्या डोळ्यांदेखत? माझ्या तोंडावर? आणि मुलांकडून?"

खोटी हजेरी म्हणजे तेव्हा घरी जाण्याचं निमित्त. आदल्याच वर्षी दुसऱ्या तालुक्यातला एक मास्तर त्यापायी निलंबित झाला होता. गुरुजींच्या घरात तीन पोरी लग्नाच्या होत्या. मी म्हणाले, "साहेब, मुलांना विचारा ना."

साहेबांनी हिराकडे बोट केलं. "सुमन आहे म्हणालीस. कुठे आहे?"

"बंदरावं हाय. बोंबील घालते."

"मग शाळेत नाही, असं का नाही म्हणालीस?"

हिरा उभी राहिली. तिला प्रश्नच विचित्र वाटला होता. "तुमी इचारलं, हाय का. हाय ती. मानसाला नाय म्हनत नाय आमी."

"म्हणजे?"

"नाय म्हनायचं नसतं. ज्याची होडी परत येत नाय, त्याला नाय म्हनतात."

मला ते ऐकून भरून आलं. त्या गावाबद्दल मला पुष्कळ माहीत होतं, हे माहीत नव्हतं. पण साहेबांचा चेहरा बदलला नाही. त्यांनी हजेरीपट मिटला आणि गुरुजींना म्हणाले, "उत्तर छान पढवलंय. आठवड्यात लेखी खुलासा द्या." आम्ही निघालो तेव्हा गुरुजी दारापर्यंत आले. साहेब जीपमध्ये बसल्यावर ते मला एवढंच म्हणाले, "बाई, पोरांना शिक्षा नको व्हायला."

जीप डोंगराच्या रस्त्याला लागली. गप्प बसणं माझा स्वभाव नव्हे. शेवटी म्हणाले, "साहेब, घरातून बाहेर पडताना तुम्ही काय म्हणता?"

"म्हणजे?"

"जातो म्हणता?"

"येतो म्हणतो."

"बांगडी फुटली तर वहिनी काय म्हणतात?"

"वाढवली म्हणतात." ते खिडकीबाहेर बघू लागले. "बाई, ते निराळं. ते सगळ्यांना माहीत असतं."

"त्या गावात सगळ्यांना माहीत असतं," मी म्हणाले. ड्रायव्हर उगाच हॉर्न वाजवू लागला.

टेकडीवरची शाळा खच्चून भरलेली होती. तिथल्या लोकांची हळवी, लवकर पिकणारी भातं कापून झाली होती, नागली म्हणजे नाचणी घरात आली होती आणि माणसं अजून गावातच होती. सहावीत एकही जागा रिकामी नव्हती. साहेबांनी नावं वाचली, प्रत्येक नावाला एक हात वर आणि एकच 'हाय'. वर झालेले हात आणि पटावरच्या खुणा तंतोतंत जुळल्या. मोहिते गुरुजींची कवायत तर अशी, की बाहेर बांधलेले बैलसुद्धा ताठ उभे राहिले असते. जानकी नावाच्या एका काळ्यासावळ्या मुलीने व्याजाचं गणित फळ्यावर न अडखळता केलं. साहेबांनी तिला विचारलं, "पुढे काय करणार?"

"फायनल करीन," ती म्हणाली. "मंग बाईंवानी व्हईन." वर्ग हसला. ती हसली नाही.

साहेब उठले. सकाळचा सगळा राग त्यांना इथे निवल्यासारखा झाला असावा, कारण जे त्यांनी कधी केलं नव्हतं ते केलं. वर्गाला म्हणाले, "सातवी तुमचीच." पोरांनी टाळ्या वाजवल्या, मोहिते गुरुजींचे डोळे भरले. मला त्यांच्यासाठी आनंद झाला, खोटं का सांगू. आणि त्याच वेळी मला माहीत होतं की दिवाळी झाली की हे गाव उठणार. कुणी वीटभट्टीवर, कुणी मिठागरावर, कुणी गवत कापायला. पोटासाठी पोराबाळांसकट जायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. मोहिते गुरुजी जूनमध्ये आले होते, त्यांनी अजून या गावाचा हिवाळा बघितला नव्हता.

परतीच्या वाटेवर मी साहेबांना म्हणाले, "एकाच दिवशी बघितलं म्हणून तुलना न्यायाची होत नाही. आज एकीचा वाईट दिवस होता, दुसरीचा चांगला. पौषात पुन्हा बघा, अष्टमीला. मग लिहा काय ते."

"अष्टमीच का?"

"एकीचा चांगला आणि दुसरीचा वाईट दिवस बघायचा आहे म्हणून."

त्यांनी डायरी काढून तिथी टिपून घेतली. मग म्हणाले, "ठीक. अहवाल मी थांबवतो. पण बंदरावरची शाळा तेव्हा भरलेली नसली, तर राऊतांबरोबर तुमचाही खुलासा येईल." मी बरं म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

मधले दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. पंचांग हातात घेऊन तिथ्या बघणारी तपासनीस तुम्ही पाहिली नसेल. माझी आई म्हणे, "हिला म्हातारपणी देव आठवला." राऊत गुरुजींना मी काहीच कळवलं नाही. कळवलं असतं तर तो खरोखरच बनाव झाला असता. अष्टमीला कुणी आजारी पडू नये, गावात लग्न निघू नये, वारा फिरू नये, एवढंच मनात चाले.

पौषातल्या अष्टमीला साहेब आले. बंदरावर होड्या एका रांगेत कलंडून पडल्या होत्या, माणसं जाळी शिवत बसली होती. शाळेच्या दाराशी मी क्षणभर डोळे मिटले. आत सहावी भरलेली होती. भिंतीला टेकून चार पोरं उभी होती, कारण बसायला जागा नव्हती.

साहेबांनी हजेरी घेतली. या वेळी मान वर ठेवून. एकच जागा रिकामी निघाली, आणि साहेबांनी मुद्दाम विचारलं, "सुमन आहे का?"

"हाय," सगळा वर्ग म्हणाला.

"कुठे आहे?"

"घरा. ताप हाय तिला."

साहेबांनी टाक उचलला. "बरी होऊ दे," ते म्हणाले, आणि खुणेच्या जागी त्यांनी स्वतः 'घरी' असं लिहिलं. हजेरीपटात असा शेरा मी ना आधी पाहिला ना नंतर. राऊत गुरुजींचा खुलासा त्यांनी खिशातून काढून त्यांच्याच हातात ठेवला. गुरुजींनी तो हातात धरला आणि साहेबांना बसायला खुर्ची पुढे केली, जी साहेबांच्या खालीच होती. आम्ही तिघेही हसलो. त्या दिवशीचं ते शेवटचं हसणं.

टेकडीकडे जाताना साहेब म्हणाले, "तिथे फार कमी असतील का?" मी म्हणाले, "बघू." मला कल्पना होती. तरी आतून वाटत होतं, थोडी तरी असू देत.

शाळेचं दार उघडं होतं. गावात चूल कुठे पेटलेली दिसत नव्हती, दारांना काटेरी फांद्या लावलेल्या. सहावीच्या वर्गात मोहिते गुरुजी फळ्यापाशी उभे होते आणि समोर जानकी बसली होती. एकटी. फळ्यावर भूगोलाचा धडा अर्धा लिहिलेला होता. गुरुजी आम्हाला पाहून खडू ठेवायचे विसरले. ते म्हणाले, "साहेब, मी पुष्कळ समजावलं. पण ठेकेदाराची उचल घेतलेली असते. ही तेवढी राहिली. आईबाप भिवंडीकडे गेलेत, ही आजोबांपाशी राहिली. सातवी मिळणार म्हणून."

साहेब खाली बसले. खरं तर हजेरी घ्यायची गरज नव्हती. समोर सगळं दिसत होतं. पण त्यांनी पट उघडला. नियमाचा माणूस, नियमाच्या आधाराला गेला.

"गोविंद आहे का?"

जानकी उभी राहिली. "नाय."

"बुधी आहे का?"

"नाय."

एकेक नाव वाचलं जात होतं आणि एकेक 'नाय' येत होतं. ती न चुकता, खाली न बघता उत्तर देत होती. तिच्या गावात माणसाला नाय म्हणायला भीती नव्हती. दरवर्षी म्हणायची सवय होती. मला कोजागिरीनंतरचा तो वर्ग दिसत होता, हात वर केलेला. साहेबांना म्हणावंसं वाटलं, पुरे करा. मी म्हणाले नाही. ही तारीख मी निवडली होती. आमच्या धंद्यात खरा अधिकार तेवढाच, कोणत्या दिवशी जायचं. बाकी सगळं त्या दिवसावर असतं.

"जानकी आहे का?" साहेबांनी विचारलं.

"हाय."

पट मिटला. साहेब तिला म्हणाले, आणि माझी खात्री आहे की यापेक्षा मऊ त्यांना बोलता येत नव्हतं, "बाळ, एका मुलीसाठी वर्ग उघडता येत नाही." त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. भांग पंधरवड्याने परत येतो, ही माणसं पावसाळ्यालाच येतात. दोन्ही दिवस बघून, दोन्ही शाळा तोलून, जो माणूस सरळ असेल तो हेच लिहील. मीसुद्धा हेच लिहिलं असतं. आजही लिहीन.

बंदरावर सातवी उघडली. हिराने फायनल केली. पुढे ती मास्तरीण झाली आणि माझ्याच पट्ट्यात तिची शाळा मी तपासली, तेव्हा हजेरी घेताना ती 'हजर' म्हणवून घेत होती. राऊत गुरुजी सुखाने निवृत्त झाले. साहेबांनी नंतरच्या काळात डोंगराकडच्या मुलांना राहायला वसतिगृह हवं म्हणून वरती पुष्कळ लिहिलं. ते झालंही, पण जानकीच्या वेळेला नाही. मोहिते गुरुजी पुढच्याच जूनला बदली मागून गेले. मी पावसाळ्यात टेकडीवर गेले तेव्हा गाव भरलेलं होतं, शाळाही भरली होती आणि जानकी आईबापांबरोबर आवणीला, भाताची रोपं लावायला गेली होती. शाळेत तिने येणं सोडलं होतं.

लोक मला विचारतात, इतक्या शाळा पाहिल्या, लक्षात काय राहिलं? मला त्या दुपारची ती मुलगी आठवते. साहेबांचं बोलणं ऐकून ती रडली नाही. तिने पाटी आणि फडकं उचललं, आणि हजेरीपटाकडे बोट करून साहेबांना म्हणाली,

"मंग माजं पन नाय लिवा."